कल्याणच्या पुढे घर घेताना

कल्याण जंक्शन सोडलं की मध्य रेल्वेला दोन फाटे फुटतात. एक विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ करत कर्जतला जातो. दुसरा शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव करत कसाऱ्याला. गिरगाव-लालबागच्या चाळीतली खोली वाढत्या कुटुंबाला पुरेनाशी झाली, १९८२च्या संपानंतर गिरणगावाची रया गेली, पुढे ठाणे-डोंबिवलीतले भावही हाताबाहेर गेले. मग नोकरदार माणूस या दोन फाट्यांवर एकेक स्टेशन पुढे सरकत गेला. बदलापूरची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती, ती २०११ साली १ लाख ७४ हजारांवर गेली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती पाहिल्या तर आज हा आकडाही फार मागे पडला असणार.

इथं घर बघायला येणारी मंडळी पहिल्यांदा दोनच गोष्टी विचारतात: चौरस फुटाचा भाव काय आणि स्टेशनपासून किती मिनिटं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचा क्रम चुकतो. मुंबईपासून साठ-सत्तर किलोमीटरवर घर घेणारा माणूस सगळ्यात आधी त्या स्टेशनची रेल्वेसेवा विकत घेत असतो. मग पाणी, मग जमिनीचे कागद, आणि सदनिका सगळ्यात शेवटी. फरशी बदलता येते, स्वयंपाकघराचा ओटा बदलता येतो. सकाळी सातच्या सुमाराला आपल्या स्टेशनवरून किती गाड्या सुटतात, हे मात्र पुढची वीस वर्षं आपल्या हातात नसतं.

आधी रुळांचं बघू. ठाणे ते कल्याण आता सहा मार्ग आहेत. कल्याणच्या पुढे मात्र दोन्ही फाट्यांवर बराच काळ जेमतेम दोन-दोन मार्गांवर सगळा भार आहे. पुण्याकडच्या आणि नाशिककडच्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या आणि लोकल एकाच जोडीवरून धावतात. त्यामुळे कल्याणपर्यंत भरपूर दिसणारी लोकलसेवा पुढे एकदम विरळ होते, आणि एखादी मालगाडी बंद पडली की मागची रांग खोळंबते. पश्चिम रेल्वेवर विरार चर्चगेटपासून साठ किलोमीटरवर आहे, बदलापूर सीएसएमटीपासून अडुसष्टवर. अंतरात फार फरक नाही. पण विरारपर्यंत चार मार्ग असल्यानं तिथं दुपारीसुद्धा गाडीची फारशी वाट पाहावी लागत नाही, बदलापूरला अर्धा तास सहज जातो. विरारच्या पुढे डहाणूकडे पुन्हा तीच गत आहे. म्हणून नकाशावरच्या किलोमीटरपेक्षा मार्गांची संख्या आधी बघावी.

दुसरी गोष्ट इथल्या प्रत्येक प्रवाशाला ठाऊक असते आणि जाहिरातीत कधीच येत नाही: गाडी आपल्या स्टेशनवरून सुटते की मागून भरून येते? अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा, आसनगाव, कर्जत आणि कसारा इथून लोकल सुटतात. जिथून गाडी सुटते तिथं बसायला मिळतं. जिथं ती भरून येते तिथं दीड तास उभं राहावं लागतं, आणि हा फरक पन्नाशीनंतर गुडघ्यांना कळतो. अंबरनाथचे लोक सकाळी उलटे बदलापूरला जाऊन तीच गाडी बसून परत आणतात, नालासोपाऱ्याचे विरारला जातात, याचं कारण हेच. वांगणी-नेरळला कर्जतची गाडी अजून बरीच रिकामी असते, म्हणून वीस मिनिटं लांब राहूनही तिथला माणूस बसून जातो. कल्याण-डोंबिवलीला किंवा दिव्याला घर घेणाऱ्याचा प्रवास कमी वेळाचा असतो, पण पाय ठेवायला जागा मिळवणं हीच रोजची कसोटी. माझ्या मते रोज दीड तास बसून जाणं हे तासभर लोंबकळण्यापेक्षा केव्हाही बरं. पण ज्याला संध्याकाळी लहान मुलाला पाळणाघरातून आणायचं आहे, त्याचं उत्तर वेगळं असेल, आणि ते चूक नाही.

लोंबकळण्याची किंमत खरोखर मोठी आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि इतर कारणांनी दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं जीव गमावत आली आहेत. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरगच्च लोकलच्या दारांत उभे असलेले प्रवासी खाली पडले, काहींचा मृत्यू झाला. ती माणसं दारात हौसेनं उभी नव्हती. आत जायला जागाच नव्हती. घर निवडताना हा विचार टाळून चालत नाही, विशेषतः घरातल्या दोघांनाही रोज मुंबई गाठायची असेल तर. महिलांच्या डब्यात त्या स्टेशनवर सकाळी शिरता येतं का, हे नवऱ्यानं अंदाजानं सांगू नये; जिला जायचं आहे तिनं स्वतः एका सोमवारी गर्दीच्या वेळी जाऊन बघावं. परतीचाही असाच तपास हवा. शेवटच्या गाड्या मुंबईहून मध्यरात्रीच्या सुमाराला सुटतात, त्या बदलापूर-टिटवाळ्याला पोहोचेपर्यंत दीड वाजतो. त्या वेळी शेअर रिक्षा बंद झालेली असते. स्पेशल रिक्षा मागेल ते भाडं, नाहीतर पायी. आणि रविवारचा मेगाब्लॉक असेल तेव्हा पाहुण्यांनाही घर लांब वाटतं.

आता थोडा हिशेब. जलद लोकलनं कल्याणहून सीएसएमटीला तासाभराहून थोडं जास्त लागतं, बदलापूरहून साधारण दीड तास, कर्जतहून दोन तास आणि कसाऱ्याहून त्याहून जास्त. पण माणूस स्टेशनवर राहत नाही आणि स्टेशनवर काम करत नाही. घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंतचा वेळ धरला, तर बदलापूरच्या बऱ्याच जणांचे रोज चार तास जातात. वर्षाचे २८० कामाचे दिवस धरले तर हे ११२० तास होतात, म्हणजे आठ तासांचा एक असे १४० कामाचे दिवस.

याला रुपयांत आणून बघू. समजा जवळच्या शहरातलं तेवढंच घर २० लाखांनी महाग आहे. ८.५ टक्के व्याजानं वीस वर्षांच्या कर्जावर या जास्तीच्या २० लाखांचा हप्ता महिन्याला सुमारे १७,३५० रुपये पडतो. जवळच्या घरामुळे रोजचे दोन तास वाचत असतील, तर महिन्याच्या २४ दिवसांत ४८ तास वाचतात. म्हणजे एका तासाला साधारण ३६० रुपये. घरातले दोघं जण प्रवास करत असतील तर हाच आकडा १८० वर येतो. आता प्रश्न सोपा होतो: तुमच्या घरासाठी एक तास इतक्या रुपयांचा आहे का? एकच माणूस मुंबईला जाणार असेल, तोही आठवड्यातून दोन-तीनदा, तर लांबचं मोठं घर शहाणपणाचं ठरतं. दोघं रोज जाणार असतील, तर स्वस्त वाटणारं घर बरंच महाग पडू शकतं. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय टोकन देऊ नये.

विक्री कचेरीत भिंतीवर नेहमी एक नकाशा असतो. त्यावर मेट्रो, नवा महामार्ग, नवं स्टेशन सगळं रंगीत रेषांनी दाखवलेलं असतं. कांजुरमार्ग-बदलापूर मेट्रो, कल्याण-बदलापूर तिसरा-चौथा मार्ग, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं चिखलोली स्टेशन, पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग ही नावं तिथं ऐकू येतात. यातली काही कामं सुरू आहेत, काही कागदावर आहेत. ठाणे-दिवा पाचवा-सहावा मार्ग मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या (एमयूटीपी) दुसऱ्या टप्प्यात मंजूर झाला होता. तो पूर्ण होऊन फेब्रुवारी २०२२ मध्ये खुला झाला, तोवर एका तपाहून जास्त काळ लोटला. ज्यांनी तो येणार म्हणून घर घेतलं त्यांची मुलं तोवर कॉलेजात गेली. येणाऱ्या गोष्टी येतीलही. पण जे आज चालू आहे तेवढ्यावर आपला दिवस निभावतो का, एवढं बघून पैसे द्यावेत.

नदीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण उन्हाळ्यात घर बघणाऱ्याला ती दिसतच नाही. उल्हास नदी कर्जतच्या घाटाखालून निघून नेरळ, बदलापूरच्या बाजूनं कल्याणकडे येते. काळू आणि भातसा तिला मिळतात, अंबरनाथकडून वालधुनी येते. घाटमाथ्यावर जोराचा पाऊस झाला की बदलापुरात आभाळ मोकळं असतानाही नदी चढू शकते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना आठवतं. त्या दिवशी बदलापूर-कल्याणच्या सखल भागांत काय झालं, ते तिथले जुने रहिवासी सांगतात. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना नौदल, एनडीआरएफ आणि गावकऱ्यांनी बाहेर काढलं. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. बदलापुरात उल्हासची धोक्याची पातळी १७.५० मीटर आहे, आणि पावसाळ्यात पश्चिमेकडच्या कितीतरी घरांत रात्री झोपण्यापूर्वी हा आकडा पाहिला जातो.

पाटबंधारे खातं नदीच्या दोन पूररेषा आखतं. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे, निळ्या आणि लालच्या मध्ये जोत्याच्या उंचीसारख्या अटींवर परवानगी मिळते. म्हणजे इमारत कायदेशीर असूनही तिच्या पार्किंगमध्ये पाणी येऊ शकतं. विकास आराखड्याच्या नकाशावर या रेषा बघता येतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे त्या गल्लीतल्या जुन्या किराणा दुकानदाराला विचारणं, की २००५ला आणि २०१९ला पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. रिव्हर व्ह्यू म्हणून जास्त पैसे मागितले जात असतील, तर हा प्रश्न तर विचारलाच पाहिजे.

नदी दारात आहे म्हणून नळाला पाणी आहे, असं मात्र नाही. बदलापूर-अंबरनाथचं पाणी मुख्यतः उल्हासवरच्या बॅरेज बंधाऱ्यातून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं, आसपासच्या अनेक शहरांना एमआयडीसीचं बारवी धरण पुरवतं. कसारा फाट्यावरचा शहापूर तालुका तर भातसा, तानसा आणि वैतरणेचं पाणी मुंबईला देतो आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. नव्या संकुलात जाहिरातीत चोवीस तास पाणी असतं. एप्रिल-मे महिन्यात त्याच रस्त्यावरच्या दोन-तीन वर्षं जुन्या सोसायटीत जाऊन चिटणिसांना विचारावं: नळाला किती वेळ पाणी येतं, टँकर महिन्याला किती लागतात, त्याचा खर्च देखभालीत किती येतो. हा खर्च प्रवासाच्या पासापेक्षा जास्त निघाल्याची उदाहरणं आहेत. त्याच फेरीत वाऱ्याचाही अंदाज घ्यावा. डोंबिवली आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींना लागून घरं उभी राहिली आहेत. डोंबिवलीत मे २०१६ आणि मे २०२४ या दोन्ही वेळच्या कारखान्यांतल्या स्फोटांत माणसं दगावली आणि भोवतालच्या इमारतींच्या काचा फुटल्या. रात्री दहानंतर तिथं उभं राहून वास घेतला तर दिवसा न कळलेलं बरंच कळतं.

कागदांचं प्रकरण सगळ्यात अवघड, आणि इथं चूक झाली तर आयुष्याची पुंजी जाते. महाराष्ट्रात १ मे २०१७पासून महारेरा हे गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं प्राधिकरण आहे. तेव्हापासून लोक नोंदणी क्रमांक बघतात आणि निश्चिंत होतात. कल्याण-डोंबिवलीत काय झालं ते बघा. महापालिकेच्या नावाचे बनावट परवाने तयार झाले. तेच परवाने जोडून महारेराचे क्रमांक मिळवले गेले. क्रमांक दिसला म्हणून लोकांनी घरं घेतली, कर्जं काढली, मुद्रांक शुल्क भरलं, संसार मांडले. अशा ६५ इमारती निघाल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या पाडण्याचा आदेश दिला. नालासोपाऱ्यात तर सांडपाणी प्रकल्पासाठी आणि कचराभूमीसाठी राखीव जमिनीवर ४१ इमारती उभ्या होत्या. २०२५च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या, आणि कित्येक कुटुंबांना रस्त्यावर सामान मांडावं लागलं. त्याआधी ४ एप्रिल २०१३ला शीळफाट्याजवळ बेकायदा बांधली जाणारी इमारत कोसळून ७४ माणसं गेली. या सगळ्या ठिकाणी घेणारी माणसं साधी, कष्टाळू होती. त्यांच्याकडे कागदांची चळत होती, खरा कागद नव्हता.

म्हणून बिल्डरनं दाखवलेली झेरॉक्स हा पुरावा मानू नये. बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी आणि महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जाऊन तो खरा आहे का, हे विचारावं. गरज पडली तर माहिती अधिकारात अर्ज करावा. परवानगी किती मजल्यांची आहे, हेही वाचावं. पाच मजल्यांची परवानगी आणि सातव्या मजल्यावरचं घर, हा व्यवहार या पट्ट्यात नवा नाही. ग्रामपंचायतीची घरपट्टी, वीजबिल किंवा नोंदणीकृत करार यांपैकी कशानंही इमारत अधिकृत होत नाही. हे वारंवार सांगावं लागतं, कारण कल्याण-डोंबिवलीभोवतीची २७ गावं १९८३ साली महापालिकेत आली, २००२ साली बाहेर पडली आणि २०१५ साली परत आत आली. या आत-बाहेर होण्यात परवानगी नेमकी कोणाची हा गोंधळ झाला आणि त्याचा फायदा घेणाऱ्यांनी इमारती उठवल्या.

सातबारा ऑनलाइन दिसतो, तोही स्वतः उघडून वाचावा. भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल तर ती जमीन सरकारच्या अटींवर दिलेली आहे आणि हस्तांतरणाला परवानगी लागते. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचं नाव, बँकेचा बोजा, न्यायालयातला दावा असं काहीही सापडू शकतं. शहापूर, कर्जत, पालघरकडे आदिवासी खातेदारांच्या जमिनी बऱ्याच आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार त्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाहीत. नेरळ-कर्जतकडे डोंगराच्या कुशीतले स्वस्त प्लॉट घेताना वनखात्याची नोंद आणि माथेरानच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची हद्द दोन्ही तपासावी लागतात. हे सगळं वाचायला सर्वसामान्य माणसाला वेळ नसतो. म्हणून स्वतंत्र वकील करावा, बिल्डरनं सुचवलेला नव्हे, आणि त्याच्याकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. काही हजार रुपये लागतात. मोड्युलर किचनवर तेवढे आपण सहज घालतो.

पैशांचे नियम थोडक्यात. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरनं घेणं रेरा कायद्याला मान्य नाही. भाव चटई क्षेत्रावर विचारावा, सुपर बिल्टअपच्या आकड्याकडे बघूही नये. मुद्रांक शुल्क त्या त्या ठिकाणाप्रमाणे साधारण पाच ते सात टक्के पडतं, घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्क एक टक्का, कमाल ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी लागतो. मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटर चटई क्षेत्राच्या आतलं आणि ४५ लाखांपर्यंतचं घर असेल तर तो एक टक्का असतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नसतो, आणि ज्याला घाई नाही त्यानं तयार घरच बघावं असं मी म्हणेन. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत राहायला जाणं म्हणजे पाण्याच्या जोडणीपासून घर विकण्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी अडचण मागून घेणं.

जुन्या घरांकडेही पाठ फिरवू नये. डोंबिवली-कल्याणमधल्या तीस-चाळीस वर्षांच्या चार मजली इमारती स्टेशनच्या पायी अंतरावर आहेत, शेजार जुना आहे, बाजार दारात आहे. लिफ्ट नसते, गळती असते. तिथं तीन गोष्टी बघाव्यात: जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, तीस वर्षांवरच्या इमारतीला बंधनकारक असलेलं संरचनात्मक परीक्षण झालं आहे का, आणि पुनर्विकासाची बोलणी कुठवर आली आहेत. जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर असेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे, पण त्यासाठी सभासदांची एकजूट लागते, आणि ती आहे की नाही हे सोसायटीच्या एका सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त वाचलं तरी समजतं.

ज्यांना जमेल त्यांनी आधी त्या गावात अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं राहावं. करार मार्चमध्ये सुरू करावा, म्हणजे त्यात मे महिना येतो आणि पूर्ण पावसाळाही येतो. या काळात पूर्व की पश्चिम हा प्रश्नही सुटतो, कारण बदलापूरसारख्या ठिकाणी रूळ ओलांडून पलीकडच्या शाळेत मूल सोडायचं असेल तर उड्डाणपुलावरची सकाळची कोंडी आपणच भोगतो. रात्री आईवडिलांपैकी कोणाला छातीत दुखलं तर कुठल्या रुग्णालयात न्यायचं आणि रिक्षा किती वेळात मिळते, हे शेजारी सांगतात. दहावीनंतर मुलांना कुठल्या महाविद्यालयात घालतात, तेही तेच सांगतात, आणि संध्याकाळी परतलेल्या माणसाच्या अंगात मुलांशी बोलण्याइतकं त्राण उरतं का, हे घरातल्यांनाच दिसतं. हे सगळं पाहून ज्यांना तिथंच राहावंसं वाटतं, त्यांनी पुढच्या जानेवारीत घरं बघायला सुरुवात करावी. तोवर कोणत्या इमारतीत टँकर आला आणि कोणत्या गल्लीत पाणी तुंबलं, हे त्यांना दलालापेक्षा जास्त ठाऊक झालेलं असतं.